दुसऱ्या चिमणाबाई

बडोद्यात वाढलेल्या कोणालाही चिमणाबाई हे नाव आधी घड्याळामुळे कळते. रावपुऱ्यातला तो टॉवर १८९६ मध्ये महाराणी चिमणाबाईंच्या स्मरणार्थ उभा राहिला, आणि आम्हा दांडिया बाजारातल्या मराठी घरांमध्ये पत्ता सांगायची सुरुवातच ‘टॉवरवरून सरळ या’ अशी होत असे. मात्र ज्या चिमणाबाईंविषयी मला लिहायचे आहे, त्या ह्या नव्हेत. टॉवर ज्यांच्या नावाचा आहे त्या तंजावरकडच्या मोहिते घराण्यातल्या लक्ष्मीबाई, सयाजीराव महाराजांच्या पहिल्या पत्नी. त्या १८८५ मध्ये क्षयाने गेल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस देवासच्या घाटगे घराण्यातल्या गजराबाई ह्या जेमतेम चौदा वर्षांच्या मुलीशी महाराजांचा दुसरा विवाह झाला आणि सासरी आल्यावर तिलाही तेच नाव मिळाले. शहरातली सर्वांत ठळक खूण पहिल्या चिमणाबाईंच्या वाट्याला आली. दुसऱ्या चिमणाबाई १९५८ पर्यंत जगल्या, स्त्रियांच्या शिक्षणासाठी त्यांनी आयुष्यातली कित्येक दशके घातली, आणि त्यांचे काम आजही पुष्कळजण बिनदिक्कत पहिल्या चिमणाबाईंच्या खात्यावर जमा करतात. इतिहासाची पदवी घेतलेल्या माणसांनाही मी ही गल्लत करताना ऐकले आहे.

गल्लत होण्याचे खरे कारण नावातले साम्य नसावे. राज्यकर्त्याच्या पत्नीने केलेले सार्वजनिक काम हे आपल्याकडे मुळात कामच धरले जात नाही. पाहुण्यांचे स्वागत, बक्षीस समारंभ, अनाथाश्रमाला भेट आणि छायाचित्रात यजमानांच्या उजव्या हाताला खुर्ची, इतकी तिची कल्पना आपल्या डोक्यात असते. बडोद्याच्या बाबतीत तर सयाजीराव महाराजांची कर्तबगारी एवढी मोठी आहे, की तिच्या सावलीत दुसरे कोणी उभे होते हे दिसायलाही वेळ लागतो.

आणि ते श्रेय महाराजांचे आहेच. ते कमी करून मला कोणाची उंची वाढवायची नाही. कवळाण्याच्या शेतकरी घरातून बाराव्या वर्षी दत्तक आलेल्या आणि तोवर अक्षरओळखही नसलेल्या ह्या मुलाने पुढे १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो साऱ्या संस्थानाला लागू केला. ब्रिटिश हिंदुस्थानात तेव्हा असा विचारही कोणी मनावर घेत नव्हते. गोखल्यांनी १९११ मध्ये कायदे मंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले तेव्हा त्यांच्या हातात दाखवायला बडोद्याचेच उदाहरण होते, तरीही पुढच्या वर्षी ते विधेयक फेटाळले गेले. बडोद्यात मुले शाळेत न पाठवणाऱ्या आईबापांना दंड होई. सक्ती मुलींनाही होती, मात्र मुलींसाठी ठरवलेली वयाची मुदत मुलांपेक्षा आखूड होती, कारण त्या वयापुढे मुलगी शाळेत ठेवण्याची सक्ती करणे म्हणजे तिच्या लग्नात हात घालणे, हे हुजुरातले अधिकारी ओळखून होते. बालविवाह प्रतिबंधाचा कायदा संस्थानाने १९०४ मध्येच केला होता. पण कायदा करणे आणि मुलीला घरातून निघू देणे ह्यांत अंतर असते.

सक्तीच्या शिक्षणाची आणखी एक अडचण लवकरच ध्यानात आली. चौथी होऊन शेतावर किंवा चुलीपाशी गेलेले मूल दोन-चार वर्षांत शिकलेले विसरून जाई. वाचायला काही नसेल तर अक्षरे अंगात राहत नाहीत. म्हणून १९१० मध्ये महाराजांनी विल्यम बॉर्डन ह्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून गावोगाव ग्रंथालये काढली. गावाने एक वाटा जमवायचा, प्रांत पंचायतीने तेवढाच घालायचा आणि संस्थानाने आणखी तेवढाच, अशी तिहेरी योजना होती, आणि जिथे ग्रंथालय उभे राहणे शक्य नव्हते तिथे पुस्तकांच्या लाकडी पेट्या फिरत. मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात काचेच्या लाद्यांवरून चालत पुस्तके शोधण्याची मजा ज्यांनी घेतली आहे, त्यांना ह्या योजनेचा थाट सांगायला नको. मुलांसाठी आणि स्त्रियांसाठी तिथे वेगळे विभागही केले गेले. पण स्त्रियांचा विभाग काढला म्हणून स्त्रिया तिथे येतातच असे नाही. वाचनालयाच्या पायरीपर्यंत यायचे तर आधी दुपारची दोन तासांची रजा लागते, सासूची संमती लागते, आणि रस्त्यात कोणी ओळखीचे भेटले तर सांगायला कारण लागते.

ही तिसरी गोष्ट, म्हणजे सांगायला कारण, दुसऱ्या चिमणाबाईंनी बडोद्याच्या बायकांना दिली असे माझे मत आहे, आणि त्यांच्या साऱ्या कामात मला तीच सर्वांत मोलाची वाटते.

आपल्याकडे नवऱ्याने शिकवलेल्या बायकोची परंपरा जुनी आहे. जोतीरावांनी सावित्रीबाईंना शिकवले, न्यायमूर्ती रानड्यांनी रमाबाईंना शिकवले, आणि त्या दोघींना त्याची किंमत मोजावी लागली. रमाबाईंना तर बाहेरच्यांपेक्षा घरातल्या बायकांचीच बोलणी अधिक खावी लागली. पाटावर बसून इंग्रजी पुस्तक उघडणारी सून घरातल्या वडीलधाऱ्या स्त्रियांना सहन होत नव्हती. चिमणाबाईंचे शिक्षणही मुख्यत्वे लग्नानंतरचे आणि महाराजांच्या आग्रहाचे. पण त्या जिथे राहत होत्या तिथे त्यांना टोमणा मारण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती. त्यामुळे त्यांचे धैर्य रमाबाईंच्या धैर्याच्या तोडीचे होते असे मी म्हणणार नाही. मात्र रमाबाईंच्या शिकण्याने शेजारच्या घरातली सासू विरघळत नसे, उलट ती अधिकच सावध होई. महाराणीच्या शिकण्याने मात्र बडोद्यातल्या सासवांची मोठी पंचाईत झाली.

गोषा, म्हणजे बायकांनी परक्या पुरुषांच्या नजरेआड राहण्याची चाल, हा मराठा सरदारांच्या घरांतला मानाचा भाग होता. शेतात राबणाऱ्या, पाटीवर भाजी घेऊन खंडेराव मार्केटात बसणाऱ्या बायकांना तो कधीच परवडला नाही, म्हणून तो पाळणे ही प्रतिष्ठा ठरली, आणि ज्या घरांत प्रत्यक्ष गोषा नव्हता तिथेही त्याची धाकटी रूपे होती: एकटीने बाहेर जायचे नाही, पुरुषांच्या सभेत बसायचे नाही, दिवेलागणीनंतर उंबरा ओलांडायचा नाही. १९१४ च्या सुमारास न्यायमंदिर ह्या न्यायालयाच्या इमारतीतल्या एका सभेत चिमणाबाई महाराजांच्या शेजारी उघड्या चेहऱ्याने येऊन बसल्या. त्या आधी त्या युरोप, अमेरिका, जपान हिंडून आल्या होत्या आणि परदेशात त्यांनी गोषा पाळला नव्हता. तेव्हा चेहरा उघडा ठेवण्यात त्यांना स्वतःला नवे काही नव्हते. नवे होते ते ठिकाण. आपल्याच प्रजेसमोर, आपल्याच सरदारांसमोर, जिथे प्रत्येकाला त्यांची सासरची नाती तोंडपाठ होती अशा दालनात त्या बसल्या. लंडनला उघड्या डोक्याने फिरणे एक वेळ सोपे. दांडिया बाजारात अवघड.

त्याच १९१४ मध्ये त्यांनी स्त्री उद्योगालय काढले. सुरसागराच्या काठावरच्या ह्या संस्थेत शिवण, भरतकाम असे हाताला मिळकत देणारे काम शिकवायचे आणि तयार माल विकून बाईच्या हातात पैसे ठेवायचे, असा तिचा साधा हिशेब होता. माझी आजी लग्न होऊन बडोद्याला आली ती ह्यानंतर कित्येक वर्षांनी. आजोबा संस्थानच्या खानगी खात्यात, म्हणजे राजवाड्याचा कारभार पाहणाऱ्या कचेरीत, कारकून होते, पगार बेताचा, आणि घरात पणजीचे राज्य होते. आजी चार इयत्ता शिकलेली होती, पण सासरी तिच्या हातात पुस्तक पडले तर पणजी म्हणे, “आता काय मामलेदार व्हायचंय का?” शेजारच्या वाड्यातली एक बाई उद्योगालयात जात असे, तिने आजीचे नाव काढले आणि घरात दोन दिवस अबोला झाला. तो मोडला तो आजोबांनी, आणि मोठ्या उदारपणाने मोडला असेही नाही. “महाराणीसाहेबांची संस्था आहे, नाही म्हटलं तर कचेरीत काय तोंड दाखवू?” असे त्यांनी पणजीला विचारले. खरे म्हणजे कोणा कारकुनाची बायको शिवणवर्गाला आली की नाही, हे महाराणीच्या कानावर जाण्याचा प्रश्नच नव्हता. पण पणजीकडे ह्या प्रश्नाला उत्तर नव्हते.

ही गोष्ट आमच्या घरात नेहमी हसत सांगितली जाई, आणि पुष्कळ वर्षे मीही तिला हसत असे. आता मला तिच्यात एक शहाणी व्यवस्था दिसते. आजीला जे स्वातंत्र्य मिळाले ते स्वातंत्र्याच्या नावाने मिळाले नाही. ते धन्याच्या भीतीच्या, नोकरशाहीतल्या अदबीच्या रूपाने घरात शिरले आणि म्हणूनच त्याला कोणी अडवले नाही. कायद्याने पणजीला दंड करता आला असता, पण सुनेच्या दुपारवर कायदा चालत नव्हता. तिथे फक्त प्रतिष्ठा चालत होती, आणि प्रतिष्ठेवर उतारा त्याहून मोठ्या प्रतिष्ठेचाच.

आजीची उद्योगालयातली एक वही माझ्याकडे आहे. जाड पुठ्ठ्याची, कडेला धाग्याने पुन्हा शिवलेली. डाव्या पानावर धावदोरा, साखळी टाका, तुरपाई, काजे अशी नावे आणि त्यांच्यापुढे प्रत्यक्ष कापडाचे तुकडे टाचलेले. काज्यांचा तुकडा चार वेळा उसवून पुन्हा केलेला स्पष्ट दिसतो. उजव्या पानावर किती नग दिले, किती आणे मिळाले ह्याचा जमाखर्च. अक्षर आधी मोठे, एकेका शब्दावर थांबलेले. वीसेक पानांनंतर ते बारीक आणि भरभर होत गेलेले आहे. शिवणवर्गाला कोणी साक्षरतेचा वर्ग म्हणत नव्हते. पण पैसे नीट मिळाले का हे तपासायचे तर लिहावे लागते, आणि रोज लिहिणारी बाई अक्षरे विसरत नाही. गावोगावच्या ग्रंथालयांनी जे साधायचे होते, ते आमच्या घरात जमाखर्चाच्या वहीने साधले.

चिमणाबाईंनी सिद्धमोहन मित्र ह्यांच्यासोबत इंग्रजीत लिहिलेले, भारतीय जीवनातील स्त्रियांच्या स्थानाविषयीचे पुस्तक १९११ मध्ये प्रसिद्ध झाले. परदेशांत बायका कोणकोणते व्यवसाय करतात आणि त्यांतले काय आपल्याकडे चालण्यासारखे आहे, असा त्याचा रोख. आज ते वाचताना काही ठिकाणी हसू येते, काही ठिकाणी राजवाड्याची खिडकी फारच उंचावर आहे असे वाटते. पण स्त्रीने मिळवते व्हावे हा आग्रह त्यात नि:संदिग्ध आहे, आणि उद्योगालयाची कल्पना तिथून फार लांब नाही.

नियतीला, किंवा इतिहासाला म्हणा, विनोदबुद्धी असावी. पुस्तक निघाले त्याच वर्षी चिमणाबाईंच्या घरात त्याची परीक्षा झाली. त्यांची एकुलती एक मुलगी इंदिराराजे ह्यांना आईवडिलांनी बडोदा कॉलेजात शिकवले होते. राजघराण्यातल्या मुलीने कॉलेजात जावे ही तेव्हाची अपूर्वाई. त्यांचे लग्न ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी ठरले होते. शिंद्यांचे पहिले लग्न झालेले होते आणि ग्वाल्हेरच्या राजवाड्यात गोषा होता. दिल्ली दरबाराच्या दिवसांत इंदिराराजेंची कूचबिहारच्या जितेंद्र नारायण ह्यांच्याशी भेट झाली आणि त्यांनी शिंद्यांना स्वतः पत्र लिहून ठरलेले लग्न मोडले. बडोद्यात लग्नाची तयारी सुरू होती. आईवडील संतापले, कूचबिहारचे घराणे बंगालातल्या सुधारक ब्राह्मो समाजाच्या वळणाचे, आपल्या तोडीचे नाही, शिवाय मुलीने परस्पर ठरवावे ही मोठीच आगळीक. शेवटी १९१३ मध्ये ते लग्न लंडनमध्ये झाले, आणि त्याला मुलीचे आईवडील हजर राहिले नाहीत.

चिमणाबाईंवर लिहिणारे काहीजण हा प्रसंग गाळतात किंवा घरगुती बाब म्हणून एका ओळीत उरकतात. मला तो त्यांच्या सार्वजनिक कामाचाच भाग वाटतो. मुलीला लिहायला शिकवले की ती पहिल्यांदा काय लिहील ह्याची खात्री शिकवणाऱ्याला देता येत नाही. इंदिराराजेंचे ते पत्र म्हणजे बडोद्याच्या स्त्रीशिक्षणाचा सर्वांत यशस्वी निकाल, आणि तो सर्वांत आधी आईलाच झोंबला. इथे चिमणाबाई ढोंगी होत्या असे म्हणणे सोपे आहे. मी ते म्हणणार नाही. शिक्षणाने मुलगी चांगली गृहिणी, चांगली आई आणि गरज पडल्यास मिळवती बाई होईल, इथपर्यंत त्यांचा विचार पोचला होता. ती आपल्याला ‘नाही’ म्हणेल, इथपर्यंत तो पोचायला स्वतःच्या घरातून जावे लागले. पुढच्याच वर्षी त्या न्यायमंदिरात येऊन बसल्या आणि उद्योगालय निघाले. ह्या दोन गोष्टींत कार्यकारणभाव आहे असा दावा मी करत नाही, पण कालक्रम डोळ्यांत भरतो खरा.

१९२७ च्या जानेवारीत पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन भरले आणि चिमणाबाई त्याच्या अध्यक्ष होत्या. बंगालच्या शिक्षणाधिकाऱ्याने, मुलींना कसले शिक्षण हवे ते बायकांनीच एकमुखाने सांगावे, असे आव्हान दिले होते. मार्गारेट कझिन्स ह्यांनी ते उचलले आणि प्रांतोप्रांतीच्या स्त्रियांना पुण्यात जमवले. परिषद फक्त शिक्षण सुधारणेसाठी होती, राजकारण बाहेर ठेवायचे असे ठरले होते. पण मुलींच्या शिक्षणाची चर्चा सुरू झाली की तिचे पाय लगेच विवाहाच्या वयापाशी अडकतात. बडोद्याला हे १९०४ पासून माहीत होते. पुण्यातल्या ठरावांमध्येही बालविवाहाचा निषेध आलाच, आणि दोन वर्षांनी झालेल्या, लग्नाचे किमान वय ठरवणाऱ्या सारडा कायद्याच्या मागे ह्याच परिषदेने जोर लावला. शिक्षण हा निरुपद्रवी, सर्वांना आवडणारा विषय म्हणून राज्यकर्त्यांच्या बायकांकडे सोपवला जातो. तो निरुपद्रवी राहत नाही, हे पुण्यात चार दिवसांत सिद्ध झाले.

राज्यकर्त्याच्या पत्नीकडे हे काम येण्याची प्रथा काही एकट्या बडोद्याची नव्हे. व्हाइसरॉयची पत्नी लेडी डफरिन हिने १८८५ मध्ये हिंदुस्थानातल्या स्त्रियांना स्त्री डॉक्टर मिळावेत म्हणून निधी उभारला. महिला परिषदेच्या प्रयत्नांतून १९३२ मध्ये दिल्लीत निघालेल्या गृहविज्ञानाच्या कॉलेजला लेडी आयर्विन हिचे नाव मिळाले. अमेरिकेत बार्बरा बुश ह्यांनी १९८९ मध्ये कुटुंब साक्षरतेसाठी प्रतिष्ठान काढले, आई आणि मूल एकत्र शिकावे अशी त्यामागची कल्पना. त्यांची सून लॉरा बुश पेशाने शिक्षिका आणि ग्रंथपाल, तिने २००१ मध्ये राष्ट्रीय पुस्तक महोत्सव सुरू केला. देश आणि काळ बदलला तरी चौकट तीच दिसते: ह्या पत्नीला कोणी निवडलेले नसते, तिला पगार नसतो, तिला काढताही येत नाही, आणि तिच्या शब्दाला मात्र वजन असते. लोकशाहीत ह्याविषयी माणसाने साशंक असावे हे मला पटते. संस्थानात तर उद्योगालयात काही चुकले असते तर ते बोलण्याची सोय कोणाला होती? महाराणीच्या संस्थेला नाही म्हणता येत नाही हे आजीच्या पथ्यावर पडले, पण जिला खरोखरच नाही म्हणायचे असेल अशी एखादी बाईही त्याच बडोद्यात असेल, आणि तिची वही कोणी जपून ठेवलेली नाही.

१९३९ मध्ये महाराज गेले आणि १९४९ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. हुजूर हुकूम, खानगी खाते, दंडाच्या नोटिसा सारे संपले. स्त्री उद्योगालय टिकले, कारण तोवर ते कोणाच्या हुकमावर चालत नव्हते, बायकांच्या गरजेवर चालत होते. अलीकडे त्याच आवारात एक कॅफे निघाले आहे. ज्यांना समाज सहसा नोकरी देत नाही अशा समलिंगी आणि तृतीयपंथी मंडळींना तिथे काम मिळते, आणि कॅफेचे नाव ‘गझरा’ आहे, देवासहून आलेल्या त्या मुलीच्या माहेरच्या नावावरून. आमच्या नात्यातल्या एक-दोन वडीलधाऱ्यांनी त्यावर नाके मुरडली. मग मला पणजीची आठवण झाली आणि मी त्यांना तिथे कॉफी प्यायला घेऊन गेले. राजघराण्याची जागा म्हटल्यावर त्यांनाही नाही म्हणवले नाही.

आजीच्या वहीत शेवटच्या काही पानांवर काज्यांचा हिशेब थांबतो आणि दुसराच खर्च सुरू होतो: भूगोलाचे पुस्तक, पाटी, दोन वह्या, परकराचे कापड. माझ्या आत्याची सक्तीची वयोमर्यादा तेव्हा उलटून गेली होती, संस्थान आता कोणाला दंड करणार नव्हते, आणि तिला घरी बसवावे असे पणजीचे म्हणणे होते. आजोबा ह्या वेळी काही बोलले नाहीत. आजीने पुस्तके स्वतःच्या पैशांनी आणली. आत्या व्हर्नाक्युलर फायनल ही सातवीची परीक्षा पास झाली आणि पुढे तीस वर्षे प्राथमिक शाळेत मराठी पहिलीचा वर्ग घेत राहिली.